बघ्यांनी काय करायचं?

दिल्ली पोलिसांनी २००७ साली एक पुस्तिका काढली होती. ईशान्य भारतातून दिल्लीत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मुलामुलींसाठी सुरक्षेच्या सूचना. अंगप्रदर्शन करणारे कपडे टाळा, हे त्यात होतंच. शिवाय स्वयंपाकाबद्दलही होतं. बांबूचे कोंब, अखुनी आणि तसले वास येणारे पदार्थ शेजारी गोंधळ होऊ न देता शिजवा म्हणे. अखुनी म्हणजे नागालँडमध्ये घरोघरी असणारं आंबवलेलं सोयाबीन. पुस्तिका लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावाही. पण छेड काढणारा कुणी तिसराच आणि शहाणपण मात्र जिची छेड निघते तिला. घरमालकांसाठी, टपरीवरच्या टोळक्यांसाठी अशी पुस्तिका काही निघाली नाही.

मुंबईत सुकट-बोंबलाच्या वासापायी ज्यांना सोसायटीने घर नाकारलंय, त्या मराठी मंडळींना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच, की त्यांना घर नाही मिळालं तरी रस्त्यात थांबवून 'तुम्ही कुठल्या देशातले?' असं कुणी विचारत नाही.

वर्णद्वेष म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. तिथला गोरा पोलिस, तिथले मोर्चे. आपल्याकडे जात आहे, धर्म आहे, प्रांत आहे. वंशाची भानगड आपल्याकडे नाही, असा एक समज आहे. संविधान लिहिणाऱ्यांचा तो नव्हता. अनुच्छेद १५ मध्ये भेदभावाची जी कारणं निषिद्ध ठरवली आहेत त्यात धर्मानंतर लगेच वंश येतो, मग जात, लिंग, जन्मस्थान. दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे या कारणांवरून कुणाला अडवता येणार नाही, हेही त्याच अनुच्छेदात आहे. म्हणजे १९५० पासून हे लेखी आहे.

रोजचा वर्णद्वेष दिसायला किरकोळ असतो. पुण्यात कॉलेजबाहेरच्या चहाच्या गाडीवर अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे. मणिपूरची किंवा मिझोरामची मुलगी गेली की कुणीतरी 'चिंकी' म्हणतं, कुणी 'मोमो', कुणी नुसतंच 'चिंग चाँग' असा आवाज काढतं. बाकीचे हसतात. नायजेरियाचा किंवा टांझानियाचा विद्यार्थी असेल तर 'कालिया' किंवा 'हबशी'. ही झाली गंमत. त्यापुढे शंका येते. आधार कार्ड दाखवूनसुद्धा 'पण मूळचे कुठले?'. नोकरीला असलेल्या बाईला 'पार्लरमध्ये का?', आफ्रिकी मुलाला न विचारताच 'माल आहे का?'. आणि शंकेच्या पुढे नकार. एजंट फोनवर भाडं, डिपॉझिट सगळं ठरवतो आणि प्रत्यक्ष चेहरा बघितल्यावर फ्लॅट 'आत्ताच गेला' म्हणून सांगतो.

'एवढं काय मनावर घ्यायचं, आम्हीसुद्धा एकमेकांना काहीबाही म्हणतोच की' हे यावरचं ठरलेलं उत्तर. म्हणणाऱ्याच्या बाजूने ते खरं असतं. त्याने आयुष्यात एकदाच म्हटलेलं असतं. ऐकणाऱ्याने सकाळी बसमध्ये ऐकलेलं असतं, दुपारी कॅन्टीनमध्ये, संध्याकाळी जिन्यात. चपलेत गेलेला खडा एका पावलाला बोचला तर कुणी बोंब मारत नाही; पण चप्पल काढायची मुभा नसेल आणि त्याच खड्यावर रोज दोन मैल चालायचं असेल, तर माणूस कधीतरी चिडतोच. आणि नेमका तो चिडतो तेव्हाच लोकांचं लक्ष जातं. मग 'हे लोक फार लवकर भडकतात' असंही म्हणायला आपण मोकळे.

निडो तानियाचं असंच झालं. अरुणाचल प्रदेशचा हा तरुण पंजाबातल्या एका खासगी विद्यापीठात शिकत होता. २९ जानेवारी २०१४ ला दिल्लीच्या लाजपत नगरात मित्रांबरोबर एक पत्ता शोधत होता, म्हणून एका दुकानात विचारायला गेला. त्याने केस रंगवले होते. दुकानातल्यांनी त्याच्या केसांची, चेहऱ्याची टर उडवली. तो चिडला, दुकानाची काच फुटली. मग त्याला मारहाण झाली. पोलिस आले, भरपाईवर प्रकरण मिटवलं गेलं. दुसऱ्या दिवशी तो झोपेतून उठलाच नाही. त्याचे वडील अरुणाचलचे आमदार होते. आमदाराच्या मुलाची ही गत, तर सिक्युरिटी गार्ड म्हणून राबणाऱ्या, मॉलमध्ये कपडे विकणाऱ्या पोरांनी कुणाकडे बघायचं?

लाजपत नगरच्या त्या दुकानात सुरुवात गमतीने झाली. कुणीही त्या क्षणी 'आपण आता एकाचा जीव घेणार आहोत' असं ठरवलेलं नव्हतं. म्हणून 'गंमत' आणि 'हिंसा' या दोन वेगळ्या खोल्या आहेत असं धरून चालता येत नाही. मधे दार आहे आणि ते बहुतेक वेळा उघडंच असतं.

हे दार सगळ्यात जास्त उघडतं ते शहरावर एखादी भीती पसरते तेव्हा. ऑगस्ट २०१२ मध्ये आसाममधल्या कोक्राझारच्या हिंसाचारानंतर मोबाइलवर अफवा फिरल्या की ईशान्येच्या लोकांवर सूड उगवला जाणार. पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्लेही झाले. बंगळुरूहून गुवाहाटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. पुणे, चेन्नई, हैदराबादहूनही माणसं सामान बांधून निघाली. सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर काही दिवस बंदी घातली. पुढे २०२० मध्ये करोना आला आणि चेहऱ्यावरून रोग ठरवायला लोक मोकळे झाले. मार्चमध्ये दिल्लीत एका मणिपुरी तरुणीवर एकाने पानाची पिचकारी टाकली आणि तिला 'कोरोना' म्हटलं. एप्रिलमध्ये मुंबईत सांताक्रूझ भागात मोटारसायकलवरून जाणारा एक जण मणिपूरच्याच एका तरुणीवर थुंकून गेला. केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना लेखी सूचना पाठवावी लागली होती, की ईशान्येच्या लोकांना करोनाच्या नावाखाली त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा.

आणि मग २०२१ चा जुलै. टोकियोत मीराबाई चानूने वेटलिफ्टिंगमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि देशभर पेढे वाटले गेले. तेव्हा मूळच्या आसामच्या अंकिता कोंवर (मिलिंद सोमण यांच्या पत्नी म्हणून मराठी वाचकांना ठाऊक) यांनी लिहिलं की ईशान्य भारतातला माणूस देशासाठी पदक जिंकला तरच भारतीय ठरतो, एरवी तो चिंकी, चायनीज, नेपाळी, नाहीतर नवी भर म्हणून 'कोरोना'. बऱ्याच जणांना ते बोचलं. बोचायलाच हवं होतं.

आता निषेधाबद्दल. मोर्च्याने, मेणबत्त्यांनी काय होतं, असं विचारणारे नेहमी असतात. निडोच्या मृत्यूनंतर ईशान्येचे विद्यार्थी लाजपत नगरच्या पोलिस ठाण्यावर आणि जंतरमंतरवर बसले. त्याचा परिणाम म्हणून केंद्राने त्याच फेब्रुवारीत एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुलैमध्ये अहवालही आला. पोलिसांची खास पथकं, मोफत कायदेशीर मदत, शाळेच्या पुस्तकांत ईशान्येचा इतिहास, आणि मुख्य म्हणजे वांशिक अपमान हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारी दोन नवी कलमं, अशा शिफारसी त्यात होत्या. दिल्ली पोलिसांची ईशान्येच्या लोकांसाठी १०९३ ही हेल्पलाइन सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानेही १४ डिसेंबर २०१६ रोजी कर्मा दोर्जी प्रकरणात केंद्राला यावर नियमित देखरेख ठेवणारी समिती नेमायला सांगितलं.

ती दोन कलमं मात्र आली नाहीत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अख्खा फौजदारी कायदा नव्याने लिहिला गेला, पण वांशिक टोमण्यासाठी वेगळं कलम त्यातही नाही. मला विचाराल तर या साऱ्या कहाणीतली सगळ्यात खटकणारी गोष्ट ही. निषेधाने समिती मिळते, परिपत्रक मिळतं, हेल्पलाइन मिळते. कायदा मिळायला निषेध करणाऱ्यांची मतं मोजावी लागतील इतकी असावी लागतात, आणि आठ छोट्या राज्यांची ती नाहीत.

निषेध कुणाचा आहे यावरही त्याचं स्वागत ठरतं. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला. दीडदोनशे नायजेरियन पर्वरीला महामार्गावर उतरले, शववाहिका अडवली, मृतदेह रस्त्यावर ठेवला, वाहतूक कित्येक तास ठप्प. पुढचे कित्येक दिवस चर्चा झाली ती रस्ता अडवल्याची. राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना 'कॅन्सर'ची उपमा दिली. आता, महामार्ग अडवणं हा काही शहाणा मार्ग नव्हता. पण रास्ता रोको हा शब्द आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी रुळवलेला आहे. उसासाठी, पाण्यासाठी, आरक्षणासाठी महामार्ग अडले तेव्हा आपण मागण्यांवर बोललो. पर्वरीला मागणी काय होती, हे फारसं कुणी विचारलं नाही. आमच्या माणसाच्या खुनाचा तपास करा, एवढीच ती होती. २०१६ मध्ये दिल्लीत वसंत कुंजला काँगोच्या एका तरुणाचा रिक्षावरच्या भांडणातून खून झाला, तेव्हा रस्त्यावर कुणी उतरायच्या आधी आफ्रिकी देशांच्या राजदूतांनीच आफ्रिका दिनाच्या सरकारी सोहळ्यावर बहिष्काराची भाषा केली. त्याची दखल मात्र परराष्ट्र खात्याने तासाभरात घ्यावी तशी घेतली.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण पुढे बघ्यांशी त्याचा थेट संबंध येतो. स्वतंत्र कलम नसलं तरी हाती काहीच नाही असं नाही. न्याय संहितेचं कलम १९६ वंश, जन्मस्थान, निवास, भाषा यांवरून गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. बाईचा शब्दांनी, हावभावांनी अपमान केला तर कलम ७९. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर कलम १०३ च्या दुसऱ्या पोटकलमात जन्मठेप किंवा फाशी आहे. हे २०२४ मध्ये नव्याने आलं. नुसत्या शिवीगाळीला, डिवचण्याला कलम ३५२ लागतं, पण ते अदखलपात्र. म्हणजे पोलिस 'एनसी' लिहून घेतात आणि चहा पिऊन घरी जायला सांगतात.

सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. ॲट्रॉसिटी म्हटलं की महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ईशान्येतल्या अनेक जमाती अनुसूचित जमातींत मोडतात, म्हणून २०१२ मध्येच गृह मंत्रालयाने राज्यांना सांगितलं होतं की अशा लोकांचा वांशिक अपमान झाला तर हा कायदा लावा. त्यात एक पाचर होती. नागालँडमधली जमात महाराष्ट्राच्या यादीत नसते, मग इथे तिला संरक्षण कसं? २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ती पाचर काढली. माणूस त्याच्या मूळ राज्यात अनुसूचित असेल तर या कायद्याचं संरक्षण त्याच्याबरोबर देशभर जातं, असा तो निर्णय. अर्थात यालाही मर्यादा आहे. मणिपूरचे मैतेई अनुसूचित जमातीत नाहीत, टांझानियाचा विद्यार्थी तर नाहीच नाही.

आणि या कायद्यातली एक अट नीट वाचण्यासारखी आहे. अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. चार भिंतींत, कुणी बाहेरचं नसताना झालेला अपमान या कलमांत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे चहाच्या गाडीवर हातात कटिंग घेऊन उभा असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने नुसता बघ्या नसतो. त्याच्या असण्यावर गुन्हा उभा राहतो. त्याने 'मी काही ऐकलं नाही' म्हटलं की तो कोसळतो.

तर मग हा बघ्या गप्प का असतो?

२८ सप्टेंबर २०१४ ला दिल्लीच्या राजीव चौक मेट्रो स्थानकात तीन आफ्रिकी तरुणांवर जमावाने हल्ला केला. ते जीव वाचवायला पोलिसांच्या काचेच्या चौकीत शिरले, तर जमाव चौकीवर चढला. त्याचा व्हिडिओ आहे. मारणारे मोजके दिसतात, भोवती गर्दी मोठी, आणि गर्दीतले हात वर, हातात मोबाइल. लोक निर्दयी झालेत, असं म्हणून हा विषय संपवता येतो. पण मानसशास्त्रवाल्यांनी यावर पन्नासेक वर्षं डोकं घातलंय आणि त्यांचं उत्तर जरा वेगळं आहे.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कला किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि अडतीस शेजारी नुसते बघत राहिले अशी बातमी छापून आली. ती बातमी फुगवलेली होती, हे पुढे त्याच वर्तमानपत्राने मान्य केलं. पण तिच्यामुळे जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोघांनी प्रयोग सुरू केले. एका प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत आणि मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज येई. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तेव्हा ३१ टक्केच. दुसऱ्या प्रयोगात खोलीत धूर सोडला. एकटा माणूस असेल तर चारातले तीन जण बाहेर सांगायला गेले. सोबत दोन जण ढिम्म बसलेले असतील तर दहातला एक. त्या दोघांना ढिम्म बसायला आधीच सांगून ठेवलेलं होतं. पण तिसऱ्याने त्यांच्याकडे बघून ठरवलं, की ज्या अर्थी हे गप्प आहेत त्या अर्थी काही विशेष नसणार.

सगळे एकमेकांकडे बघून गप्प. लोकलच्या डब्यात हेच होतं.

याची दुसरी बाजूही हाती आली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, केप टाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीत टिपलेली २१९ भांडणं तपासली. दहापैकी नऊ भांडणांत कुणी ना कुणी बघ्या मध्ये पडला होता, आणि माणसं जास्त तितकी कुणीतरी पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे रक्त निघायची वेळ आली की लोक पुढे होतात. गोची होते ती त्याआधी, नुसत्या टोमण्याच्या वेळी, कारण तिथे 'हे गंभीर आहे का' हेच ठरलेलं नसतं.

आपण स्वतःला ओळखतो ते किती कमी, याचा एक प्रयोग टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या केरी कावाकामी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. खोलीतून कृष्णवर्णीय माणूस बाहेर गेल्यावर एक गोरा त्याच्याबद्दल घाणेरडी वांशिक शिवी देतो. असं झालं तर काय कराल, असं नुसतं विचारलं तेव्हा बहुतेक म्हणाले, संताप येईल, त्या माणसाबरोबर काम करणार नाही. प्रत्यक्ष त्या खोलीत बसलेल्यांना फारसा संताप आला नाही, आणि पुढच्या कामासाठी जोडीदार निवडताना निम्म्याहून अधिकांनी तोच शिवी देणारा निवडला. याउलट अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात १९९१ च्या सुमाराला झालेला प्रयोग. आवारात चालणाऱ्या विद्यार्थिनींना कॉलेजात कृष्णवर्णीय मुलींना आलेल्या वर्णद्वेषी निनावी चिठ्ठ्यांबद्दल मत विचारायचं, पण त्यांच्या आधी दुसऱ्या एकीने ठणकावून निषेध केलेला असेल असं बघायचं. मग याही ठणकावून निषेध करत. पहिली गुळमुळीत बोलली तर याही गुळमुळीत. म्हणजे पहिला आवाज कुणाचा, यावर बरंच काही असतं. डब्यात पहिला आवाज टोमणा मारणाऱ्याचा असतो. दुसरा कुणाचाच नसतो.

पण दुसरा आवाज म्हणजे कॉलर धरणं नव्हे. जानेवारी २०१६ च्या शेवटी बंगळुरूत एका सुदानी माणसाच्या गाडीखाली एक बाई गेली. अर्ध्या तासाने तिथून जाणाऱ्या, त्या अपघाताशी काडीचाही संबंध नसलेल्या टांझानियन विद्यार्थिनीवर जमाव धावून गेला. तिच्या तक्रारीप्रमाणे तिचे कपडे फाडले, ती बसमध्ये चढायला गेली तर प्रवाशांनी खाली ढकललं, आणि तिला अंगातला टी-शर्ट काढून देणाऱ्या एका माणसालाही मार बसला. जमाव पेटलेला असेल तर एकट्याने हिरो व्हायला जाऊ नये. लांब होऊन ११२ लावावा. रेल्वेत असाल तर १३९.

रोजच्या प्रसंगात जमाव नसतो. समजा, अंधेरीहून सुटलेली बोरिवली स्लो. दाराशी तीन पोरं, खिडकीपाशी एक नागा मुलगी कानात हेडफोन घालून. 'ए मोमो, स्टीम की फ्राय?' सुरू होतं. तिचं गाणं केव्हाच बंद झालेलं असतं. हेडफोन फक्त ऐकू येत नसल्याचं दाखवायला आहे. अशा वेळी आपलं सगळं लक्ष त्या पोरांकडे जातं. काय बोलावं, ती पोरं उलटली तर, त्यांनी मोबाइल काढला तर. माझं म्हणणं असं की त्यांच्याकडे बघूच नये. मुलीकडे वळावं. तिच्या शेजारी जाऊन बसावं आणि काहीही विचारावं. 'ही मालाडला थांबते ना?' 'सीट खाली आहे का?' ती उत्तर देते, तुम्ही पुढचा प्रश्न विचारता, आणि पोरांच्या नाटकाचा प्रेक्षक उठून दुसरीकडे गेलेला असतो. त्यांना हवा असतो तो प्रेक्षकच. डब्यातल्या एखाद्या काकू या कामात कुठल्याही तरुणापेक्षा सरस. 'बाळा, जरा सरक गं' म्हणत त्या पोरांच्या आणि मुलीच्या मध्ये अशा बसतात की भिंतच.

अमेरिकेतली 'राइट टू बी' ही संस्था, आधीचं नाव 'हॉलाबॅक', बघ्यांना शिकवते त्यात ही लक्ष वळवण्याची युक्ती पहिली आहे. दुसऱ्या कुणाला तरी, म्हणजे कंडक्टरला, वॉचमनला, रेल्वे पोलिसाला सांगणं, प्रसंगाची नोंद ठेवणं, नंतर चौकशी करणं आणि सरळ टोकणं या बाकीच्या. सरळ टोकणं शेवटचं, हे त्यातलं मर्म. टोकायचंच झालं तर भाषण नको. 'दादा, बास आता' पुरतं. 'तुम्ही वर्णद्वेषी आहात' म्हटलं की वाद तुमचा आणि त्यांचा होतो, मुलगी बाजूला राहते, आणि तुम्ही गोरेगावला उतरल्यावर ती त्यांच्याबरोबर डब्यात असते.

व्हिडिओचं मात्र तारतम्य हवं. कुणीतरी मदत करतंय असं दिसलं तरच शूटिंग करावं, नाहीतर आधी मदत. थोडं लांबून, आरोपीचा चेहरा, स्थानकाची पाटी, वेळ येईल असं. आणि तो व्हिडिओ ज्याच्यावर बेतलंय त्याच्या हातात द्यावा. त्याला न विचारता समाजमाध्यमांवर टाकू नये. सकाळी झालेला अपमान संध्याकाळी लाखभर लोकांनी पुन्हा बघावा, असं त्याला वाटत असेलच असं नाही. तक्रार करायची की नाही हेही त्यानेच ठरवायचं. करायची म्हटली तर सोबत जावं, नाव-नंबर साक्षीदार म्हणून द्यावा. 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यावी, ती झीरो एफआयआर म्हणून नोंदवून पुढे पाठवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. परभाषिक मुलीबरोबर एक मराठी बोलणारा माणूस ठाण्यात उभा असला की कामकाजाचा वेग कसा वाढतो, ते एकदा बघण्यासारखं आहे.

आणि प्रसंग निघून गेला, आपण गप्प राहिलो, तरी उशीर झालेला नसतो. उतरताना 'ते बोलले ते वाईट होतं, ठीक आहेस ना?' एवढं विचारता येतं. टोमणा तिच्या सवयीचा झालेला असतो. भरल्या डब्याची मूक संमती आहे, हे वाटणं जास्त लागतं, आणि ते एका वाक्याने खोटं ठरवता येतं.

रस्त्यापेक्षा अवघड जागा म्हणजे आपली माणसं. फॅमिली ग्रुपवर आलेला हबशांवरचा विनोद, ऑफिसात नव्या सहकाऱ्याला पडलेलं 'जॅकी चॅन' हे नाव, घरी कामाला येणाऱ्या गोरखा वॉचमनला पिढ्यान्‌पिढ्या नुसतं 'बहादूर' म्हणणं. इथे चारचौघांत थोरल्यांना शिकवायला गेलं की काका रुसतात आणि विनोद दुप्पट जोमाने येतात. खासगीत फोन करून 'काका, आमच्या ऑफिसात त्या भागातली मुलं आहेत, मला ते वाचून कसंतरी झालं' म्हटलेलं जास्त चालतं. सहकाऱ्याच्या बाबतीत तर अगदी सोपं आहे. त्याचं नाव नीट उच्चारायला शिकायचं आणि सगळ्यांसमोर तेच वापरायचं. चार दिवसांत जॅकी चॅन आपोआप मागे पडतो.

घराच्या बाबतीत तर बघ्याच्या हातात बरंच असतं, कारण बघ्या तिथे सभासद असतो. सोसायटीच्या सभेत 'नॉर्थईस्टवाल्यांना नको, आफ्रिकन तर नकोच' असं कुणी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि तो नियम होऊन बसतो. असा नियम कुठे लिहिलेला आहे, एवढंच विचारा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं असतं, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची असते, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायची असते. या तीन गोष्टी केल्या की चेअरमनला भाडेकरूचा चेहरा नापसंत असण्याला कागदावर काही अर्थ उरत नाही. तरीही कमिटी अडून बसली तर म्हणावं, ठराव करा, कारणासकट इतिवृत्तात लिहा, खाली सह्या करा आणि मला प्रत द्या. सही करायला सहसा कुणी पुढे येत नाही.